बाईंना विचारा : पुढे ढकललेली पाळी, लपवलेला उपास

श्रावण लागला की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी वाटण्या, मुलांची लग्नं, म्हाताऱ्या आईला कुणी सांभाळायचं, असं चाललेलं असतं. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत मात्र उपास, पाळी, नवस, अंगात येणं. या वेळची पत्रं सगळी त्यातलीच आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी डॉक्टर नाही. ठाण्यातल्या एका कॉलेजात 31 वर्षं समाजशास्त्र शिकवलं, आणि बायका देवाधर्मासाठी आपल्या शरीराचं काय काय करतात हे समजून घेण्यात त्यातली बरीच वर्षं गेली. कोपीनेश्वराच्या पायऱ्या, चेंदणी कोळीवाड्यातले ओटे, कळव्याच्या चाळी. वह्या 19 भरल्या. उत्तरं त्या वह्यांतून येतात, आणि औषधाचं जिथे येतं तिथे डॉक्टर मैत्रिणीला विचारून लिहिते.

प्रश्न : बाई, माझं वय 34. आमच्या घरी गौरी असतात. या वर्षी माझी तारीख नेमकी गौरीपूजनाच्या दिवशी येते. सासूबाईंनी गोळ्यांची स्ट्रिप आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे. मे महिन्यात दिराच्या लग्नाला घेतल्या, त्याआधी सत्यनारायणाला घेतल्या. मला अर्धशिशी आहे, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं. नाही म्हटलं तर सण मी मोडला असं होईल. काय करू? — एक सून, ऐरोली

आधी गोळीचं बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. डोळ्यांपुढे चमकतं हे तुझ्या डॉक्टरांना माहीत आहे का? नसेल तर स्ट्रिपला हात लावण्याआधी त्यांना सांग. पाळी पुढे ढकलायला सर्रास घेतात ती गोळी नॉरएथिस्टेरॉनची. पाळीच्या आधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन उतरतं, म्हणून गर्भाशयाचं अस्तर सुटतं. ही गोळी ते उतरणं अडवून धरते, आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पोटात गेल्यावर या औषधाचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून जिला पूर्वी कधी गुठळी झाली आहे, यकृताचा आजार आहे, अंगावरून जाण्याचं कारण सापडलेलं नाही किंवा दिवस गेले असण्याची शक्यता आहे, तिने ही गोळी घ्यायची नसते. आणि तुझ्यासारखी चमकणारी अर्धशिशी असली तर डॉक्टर फार जपून वागतात, कारण अशा बायकांना मेंदूच्या झटक्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. मे महिन्यात काही झालं नाही म्हणून आता होणार नाही, असं धरू नकोस.

काही वर्षांपूर्वी गौरीच्या आधीच्या आठवड्यात मी नौपाड्यात एका मेडिकलमध्ये उभी होते. एक गृहस्थ आले, चाळिशीचे, हातात फुलांची पिशवी. म्हणाले, "घरी सण आहे, ती गोळी द्या." पाळी हा शब्द नाही, औषधाचं नाव नाही, चिठ्ठी नाही. दुकानदाराने खालच्या खणातून स्ट्रिप काढली, खाकी पाकिटात घातली आणि म्हणाला, "तीन वेळा." सगळं अर्ध्या मिनिटात झालं. गोळी जिच्या पोटात जाणार होती ती बाई दुकानात नव्हतीच. तिला बीपी आहे का, डोकं दुखतं का, हे तिथे कुणी विचारणार तरी कुणाला? ते खाकी पाकीट मला अजून दिसतं.

मीही घेतल्या आहेत. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं, वर्षाला चार-चार वेळा. मग एकदा 17 दिवस अंगावरून जात राहिलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी दिल्या?" मी म्हटलं, "कुणी नाही, सण होते." तेव्हा मी समाजशास्त्राची लेक्चरं घेत होते, विटाळ या विषयावर वर्गात तासभर बोलत होते, आणि घरी येऊन गोळी गिळत होते. हे लिहिते कारण तुला 'नाही म्हणून टाक' असं सांगणं किती सोपं आणि करणं किती अवघड, हे मला माहीत आहे.

आता सासूबाईंचं. त्या तुझ्या वाईटावर आहेत असं धरून चालू नकोस. चेंदणीच्या एका आजीचं बोलणं माझ्या वहीत आहे : "आमच्या टायमाला गोळी असती तर मीपण गौर आणली असती. सात वर्षांत चार येळा मी बाहेर बसले नि जावेनं तेरडा आणला." त्या पिढीला ही गोळी म्हणजे बंद दार उघडणारी किल्ली वाटते. स्ट्रिप देव्हाऱ्याशेजारी ठेवली, यात तुला सणात घेण्याची धडपडच असेल कदाचित. म्हणून भांडणाने सुरुवात करू नकोस. त्यांना शांतपणे विचार, "तुमची पाळी गौरीत आली तेव्हा काय केलंत?" वीस-पंचवीस घरांत मी हा प्रश्न विचारला असेन. प्रत्येक घरात काहीतरी पळवाट निघाली होती. कुठे नणंदेने मुखवटे बसवले, कुठे शेजारीण आली, एका घरात दुसरी बाईच नव्हती म्हणून गोमूत्र शिंपडून तिनेच सगळं केलं आणि कुणी काही बोललं नाही. त्यांच्याच तोंडून अशी एक आठवण निघाली की तुझं अर्धं काम झालं. मग अर्धशिशीचं सांग, आणि जमलं तर डॉक्टरांकडे त्यांनाच बरोबर ने. सुनेच्या तोंडचं 'नाही' आणि डॉक्टरांच्या तोंडचं 'नाही' यांत घराघरांत फरक असतो. तो आहे तोवर वापरून घे.

आणि नवऱ्याला सोवळं नेसायला काय हरकत आहे? ऐरोलीत आता किती घरांत पुरणपोळ्या बाहेरून येतात. त्या लाटणाऱ्या बाईची तारीख कुणी विचारतं का?

माझं मत विचारशील तर मी विटाळ मानत नाही. सोयराबाईने चौदाव्या शतकात विचारलं होतं की विटाळावाचून जन्मलेला देह जगात आहे तरी कुठला. मंगळवेढ्यातल्या एका महार बाईने विचारलेल्या त्या प्रश्नाला आजवर कुणी धड उत्तर दिलेलं नाही. पण मला काय वाटतं ते राहू दे. तू विटाळ मानत असशील तरी बाजूला बसून गौरीला नमस्कार करता येतो. झटका येऊन गेल्यावर मात्र फार काही करता येत नाही.

प्रश्न : मी 61 वर्षांची आहे. 38 वर्षं नवरात्राचे नऊ दिवस उपास करते. सहा वर्षांपासून शुगर आहे, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी असते. गेल्या वर्षी सातव्या माळेला ओट्याशी उभी असताना दरदरून घाम फुटला, हात थरथरले आणि खाली बसले ते उठताच येईना. मुलगी म्हणते उपास सोड. डॉक्टर ओरडतात, म्हणून मी त्यांना सांगतच नाही. देवीचं सोडवत नाही हो. — चरई, ठाणे

ताई, सोडा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या पत्रातलं 'सांगतच नाही' वाचून मी थांबले. उपासापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते.

सातव्या माळेला तुम्हाला जे झालं ती बहुतेक साखर उतरली होती. ही गोळी शरीराला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात काही असो वा नसो. सकाळी गोळी घेतली आणि दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहिलं, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलणं अडखळणं, ही तिची लक्षणं. तसं वाटलं की त्या क्षणी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, कमीच असली तर पुन्हा प्यायची. उपास मोडेल का, हा विचार तेव्हा करायचा नाही. आणि तो मोडतही नाही. जुन्या धर्मग्रंथांत एक श्लोक आहे, 'अष्टौ तान्यव्रतघ्नानि' असा सुरू होतो. ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही त्या त्यात मोजल्या आहेत. पहिलंच पाणी. मग मुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द, आणि शेवटी औषध. हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेता बसणाऱ्या बायकांना मी हा श्लोक म्हणून दाखवते तेव्हा त्या आधी माझ्याकडे आणि मग एकमेकींकडे बघतात.

आता ताटाकडे बघू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीची एक बशी साखर झरझर चढवते, आणि पुढचे चार तास काही खाल्लं नाही की उतारही तसाच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज इथे येण्याआधी यातलं काहीच आपल्याकडे नव्हतं. म्हणजे ज्याला आपण अगदी सनातन उपासाचं ताट समजतो ते गेल्या काही शतकांत बायकांनीच स्वयंपाकघरात बसवलेलं आहे. एकदा बसवलं ते तुमच्या शुगरसाठी पुन्हा बसवता येईल. दही, ताक, पनीर, मूठभर दाणे, काकडी, लाल भोपळ्याची भाजी, राजगिऱ्याची छोटी भाकरी, आणि हे सगळं थोडं थोडं, दर तीन तासांनी. वरीचे तांदूळ घेणार असाल तर पाकीटबंद घ्या, निवडून धुऊन शिजवा. सुटं, जुनं भगरीचं पीठ नको. बुरशी लागलेल्या पिठाने नवरात्रात गावंच्या गावं आजारी पडल्याच्या बातम्या आपण वाचतो.

उपासाची तऱ्हाही बदलता येते आणि त्यात कमीपणा नाही. उठता-बसता करा, पहिल्या माळेला आणि शेवटच्या. किंवा धान्यफराळ करा, किंवा एकभुक्त. हे सगळं परंपरेतलंच आहे, मी नवीन काही सांगत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी बायपासनंतर नऊ दिवस फक्त अखंड दिव्याचं तेल-वात सांभाळायचं ठरवलं आणि जेवण नेहमीसारखं ठेवलं. रात्री दोनला उठून वात सारखी करत असत. मला तर ते उपासाहून कठीण वाटलं.

माझी डॉक्टर मैत्रीण पूर्वी पेशंट बायकांना विचारायची, "उपास-तापास करता का?" सगळ्या माना हलवून 'नाही' म्हणत. मग ती विचारायला लागली, "नवरात्रात तुमच्याकडे काय-काय असतं?" आणि बायका पाच-पाच मिनिटं बोलायला लागल्या. तुमचे डॉक्टर तसं विचारत नसतील तर तुम्हीच एका कागदावर नऊ दिवस कधी काय खाता ते लिहून घटस्थापनेच्या दोन आठवडे आधी त्यांच्यापुढे ठेवा. गोळीची वेळ आणि मात्रा बदलायची की गोळीच बदलायची, हे ते ठरवतील. ओरडले तर ओरडू देत. तुम्ही 38 वर्षं देवीचं केलं आहे, पाच मिनिटं ऐकून घेणं जमेल तुम्हाला.

प्रश्न : तुम्ही आमच्या रोज्यांबद्दल कधी लिहीत नाही. पाळीत रोजा नसतो, पण आमच्या घरात सासरे, दीर असतात. त्यांना कळू नये म्हणून मी सहेरीला उठते, दिवसभर पाणीसुद्धा लपून पिते. — एक वाचक, कौसा, मुंब्रा

बरोबर बोललात, लिहायला हवं होतं. तुमच्या धर्माने सूट स्पष्ट दिली आहे : पाळीत रोजा ठेवायचा नाही, नंतर तेवढे दिवस भरून काढायचे; आजारी माणसाला सवलत, पोटुशीला आणि अंगावर पाजणारीला जिवाला अपाय होण्याची भीती असेल तर सवलत. धर्म 'पाणी पी' म्हणतो आणि घरातल्या पुरुषांच्या नजरेमुळे बाई ते उघडपणे पीत नाही. वर श्लोकाचं जे लिहिलं तेच इथेही. मुंब्र्यातल्या एका बाईने मला मोरीत उभं राहून खारी खाल्ल्याचं सांगितलं होतं, नळ सोडून, आवाज जाऊ नये म्हणून. सासऱ्यांना सांगणं जमणार नाही हे मला कळतं. पण सासूबाईंना माहीतच असणार. सहेरीनंतर स्वयंपाकघरात पुरुषांनी यायचं नाही, एवढा नियम त्यांनी घातला तरी सहा-सात दिवस तुमच्या पाण्याची सोय होईल. राहिलेले रोजे थंडीच्या छोट्या दिवसांत भरा. आणि तेव्हा घरातले बाकीचे जेवत असताना तुम्ही एकट्या उपाशी असता, हे कुणाला तरी सांगत चला. एकटीने केलेल्या उपासाचा थकवा वेगळा असतो.

प्रश्न : आम्ही कळव्याला राहतो. दोन वर्षांपासून बायकोच्या अंगात येतं. मंगळवारी आरतीला, नवरात्रात रोज. केस सुटतात, घुमते. शेजारच्या बायका पाया पडतात, ओटी भरतात. माझा भाऊ म्हणतो हे मानसिक आहे, डॉक्टरला दाखव. आई म्हणते बाहेरचं असेल, भगताकडे ने. मी रबाळ्याला कारखान्यात जातो. मला काही कळत नाही. — एक नवरा

भावाचं मत लिहिलंत, आईचं लिहिलंत. देवी आल्यावर तुमची बायको काय बोलते, ते लिहिलं नाहीत. मी असते तर तिथून सुरुवात केली असती.

तुमच्याच भागातल्या एका चाळीची गोष्ट सांगते. पाणी पहाटे चारला यायचं, पाऊण तास. घरात सात माणसं, आणि पिंपं भरायला एकटी सून उठायची. ती तुर्भ्याला पॅकिंगच्या कामाला जायची, रात्री साडेनऊला घरी. तिच्या अंगात यायला लागलं. मी तिथे होते त्या शुक्रवारी सासूने हात जोडून विचारलं, "आई, काय चुकलं?" देवी म्हणाली, "माझ्या झाडाला झोप नाय. पाण्याला दुसरं कोणी उठंल." झाड म्हणजे जिच्यात देवी येते ती बाई. दुसऱ्या दिवसापासून धाकटा दीर उठायला लागला. तीच गोष्ट ती सून दीड वर्ष स्वतःच्या तोंडाने सांगत होती, असं तिनेच मला नंतर सांगितलं. ती सोंग करत होती का, असं मला विद्यार्थी विचारतात. मला तसं वाटलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तळपाय थंडगार पडले होते. मी हात लावून पाहिले.

म्हणून आधी ऐका. ती काय मागते, कोणावर रागावते, कोणाचं नाव घेते. दोन वर्षांपूर्वी घरात काय झालं ते आठवा. मूल गेलं का, नोकरी सुटली का, माहेरचं कुणी वारलं का. अंगात येऊन गेल्यावर ती नेहमीसारखी होत असेल, कामधंदा, मुलं, झोप, जेवण नीट असेल, तर घाईने आजाराचा शिक्का मारू नका.

पण काही गोष्टी दिसल्या तर देव्हाऱ्यापाशी थांबायचं नाही. जीभ चावली जाणं, कपड्यांत लघवी होणं, आरती नसताना कुठेही झटका येणं, ही फिटची लक्षणं असू शकतात. दिवसेंदिवस झोप नाही, जेवण नाही, कानात आवाज येतात, मरणाबद्दल बोलते, किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अचानक वागणं बदललं, तर त्याच दिवशी डॉक्टर. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, 14416, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं आहे. 'ठाण्याला पाठवा' ही थट्टा आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि त्या थट्टेने किती बायकांचं नुकसान केलं असेल! तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, दाखवून संध्याकाळच्या आत घरी येता येतं. दाखवायला नेलं म्हणजे ठेवून घेतील, असं नसतं.

भगताबद्दल. आईंचा मान राखा, अंगारा लावायचा तर लावा. पण भूत काढण्याच्या नावाखाली बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला बुडवलेलं पाणी पाजणं, हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी अठरा वर्षं झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला. तुमच्या बायकोच्या अंगाला कुणी बोट लावत असेल तर तुम्ही मध्ये उभं राहायचं. कारखान्यात रजा टाकावी लागली तरी त्या दिवशी टाका.

प्रश्न : मी नेरूळची, एम.ए. समाजशास्त्र पहिलं वर्ष. मागच्या अंकात तुम्ही सुझन सेरेड या समाजशास्त्रज्ञ बाईंचा ओझरता उल्लेख केला होता. त्यांचं काम काय? मला बायका, धर्म आणि आरोग्य यांवर लघुप्रबंध करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुझ्या पत्राने मला फार बरं वाटलं. सेरेडबाई बॉस्टनच्या सफोक विद्यापीठात समाजशास्त्राच्या प्राध्यापक. 1980 च्या दशकात त्या जेरुसलेममध्ये म्हाताऱ्या ज्यू बायकांच्या एका केंद्रात जाऊन बसत असत. बायका बहुतेक कुर्दिस्तानातून आलेल्या, विधवा, पुष्कळ मुलांच्या आया, आणि जवळजवळ सगळ्या निरक्षर. पोथी वाचता येत नाही म्हणून त्यांना धर्मातलं काही कळत नाही, असं विद्वान पुरुषांचं मत. सेरेडबाईंनी पाहिलं की यांचा धर्म स्वयंपाकघरात आहे. वल्हांडणाच्या सणाआधी तांदळाचा दाणा न् दाणा पुन्हा पुन्हा निवडणं, संतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावणं, नातवंडांच्या तब्येतीसाठी विनवण्या करणं. बायका मोठ्या धर्माला घरच्या माणसांच्या सुखदुःखाशी जोडून घेतात, त्याला घरचा करून घेतात, हे त्यांनी दाखवून दिलं. 1992 साली त्यावर पुस्तक आलं. मी ते वाचलं तेव्हा मला माझी आई दिसली, सोळा सोमवारच्या चुरम्यासाठी गहू निवडताना, सूप मांडीवर घेतलेली.

पुढे त्या ओकिनावाच्या एका बेटावर गेल्या, कारण तिथे गावाचा धर्मच बायका चालवतात, पुजारी बायका. 2000 साली त्यांनी इस्राएलमधल्या बायकांबद्दल लिहिलं, प्रश्न असा की बायकांना आजारी कोण पाडतं. मातृत्वाची सक्ती, शालीनतेचे नियम आणि लष्करी वातावरण, अशा तीन गोष्टींकडे त्यांनी बोट दाखवलं. नंतर बॉस्टनमधल्या तुरुंगातून सुटलेल्या बायकांच्या मागे त्या कित्येक वर्षं राहिल्या. प्रत्येक ठिकाणी त्या हेच बघतात की बाईच्या शरीरावर निर्णय कुणाचा चालतो, आणि धर्म त्यात कधी तिच्या बाजूने उभा राहतो, कधी विरुद्ध.

तुला जेरुसलेमला जायला नको. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात 1879 चं सिनेगॉग आहे, शाआर हाशामाइम, म्हणजे स्वर्गाचं द्वार. ते बेने इस्राएली लोकांचं, मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. त्यांच्या घरी नवस फेडायला किंवा शुभकार्याला मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, फळं, आणि प्रार्थना एलियाहू हन्नबीची, म्हणजे प्रेषित एलियाची. पहिल्यांदा ते ताट पाहिलं तेव्हा मला सत्यनारायणाच्या प्रसादाची आठवण झाली. अशी एखादी आजी भेटली तर तिच्याकडून मलिदा शिकून घे, लघुप्रबंधाचं पुढे बघू.

आकडे तुला लागतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. आधीच्या फेरीत, 2015-16 मध्ये, ते 48 टक्के होतं. हे का वाढलं, ते आकडा सांगत नाही. त्यासाठी एखाद्या घरी दुपारी दोन वाजता बसावं लागतं. तेव्हा दिसतं की सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते, भाजीचा रस्सा उरलेला असतो, भाजी नसते. जेवणावर लगेच कडक चहा, म्हणजे होतं नव्हतं ते लोहही अंगी लागत नाही. आणि सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या डब्यात तशाच, कारण सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं. उपास हे त्यातलं एकच कारण. सगळं त्याच्यावर ढकलू नकोस, आणि त्याला सोडूही नकोस.

बेलापूरला दिवाळे गाव तुझ्या जवळ आहे, तिथे जा. मासळी विकणाऱ्या बायका उपासाच्या दिवशीही पाटी घेऊन बसतात, त्या दिवसभर काय खातात ते पाहा. पहिले दोन आठवडे प्रश्न विचारू नकोस. कोळंबी सोलायला बस, लसूण सोलायला बस. 'तुमची श्रद्धा काय' असं तर कधीच विचारू नकोस, त्यावर सगळ्या तेच उत्तर देतात. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय पोटात गेलं ते विचार, वेळेसकट. 'काय नाय, नेहमीचंच' म्हणाली की पुन्हा विचार. आणि कागदी वही ने. फोन पुढे ठेवला की बायका देवाबद्दल छान छान बोलतात, जेवणाबद्दल बोलत नाहीत.